लेमलचा इंग्रजीचा तास

लेमल ब्राखफेल्डला इंग्रजीचा मास्तर करायचं ठरलं, तेव्हा तो एका चिमुरड्याचं नाक पुसत होता.

न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्गमधल्या आमच्या ज्यू वस्तीतल्या मुलांच्या शाळेत तो लहानग्यांना हिब्रू अक्षरं शिकवायचा. अंगाने चांगला भरलेला, तांबूस दाढीचा, आणि आवाज मात्र बारीक, एखाद्या बाईसारखा. अक्षरं तो फळ्यावर कमी लिहायचा आणि अंगाने जास्त काढायचा. लामेद म्हणजे एक हात वर आणि कंबर वाकडी. गिमेल म्हणजे एक पाय पुढे. पोरं खिदळत शिकायची आणि जन्मभर विसरायची नाहीत. ली अव्हेन्यूवरून तो घरी जायला निघाला की समोरच्या फुटपाथवरून हाक यायची, "रेब लेमल, गिमेल करा!" आणि हातात भाजीची पिशवी असली तरी लेमल तिथेच पाय पुढे टाकून उभा राहायचा. राइत्साला, म्हणजे त्याच्या बायकोला, याची लाज वाटायची. पण आतून आवडायचंही.

तर मुख्याध्यापक रेब ॲन्शल, रेब म्हणजे आमच्याकडचं 'राव', वर्गाच्या दारात येऊन उभे राहिले.

"लेमल, तुझा जन्म अँटवर्पचा ना?"

"हो. पण मी लहानपणीच इकडे आलो."

"म्हणजे परदेशातला. म्हणजे तुला भाषा येतात."

"मला आपलं घरचं यिडिश येतं, रेब ॲन्शल."

"ते सगळ्यांनाच येतं. इंग्रजीचं बोल."

"दुकानात निभतं तेवढं येतं."

"झालं तर मग. आजपासून मोठ्या मुलांना इंग्रजी आणि गणित तू शिकवायचंस."

लेमलला वाटलं, थट्टा चालली आहे. पण रेब ॲन्शल थट्टा करणाऱ्यांतले नव्हते. त्या वर्षी राज्य सरकारने नवा नियम काढला होता. खासगी शाळांनीही सरकारी शाळांच्या तोडीचं शिकवायचं. इंग्रजी, गणित, विज्ञान, इतिहास, सगळं. नाही शिकवलं तर ती शाळा म्हणून धरायचीच नाही. आईबापांनी पोरं दुसरीकडे घालायची. आमच्याकडे सकाळपासून दिवस कलेपर्यंत तोरा आणि ताल्मूद हे धर्मग्रंथ, आणि पोरं पार दमून गेल्यावर शेवटी तासभर इंग्रजी, तेही तेरा वर्षांचे होईपर्यंतच. तो तास म्हणजे धांगडधिंगा. आधीचा मास्तर तर शेंगदाणे खात खिडकीत बसायचा आणि घंटा झाली की पोरांच्या आधी पळायचा.

नियम आला तशी सगळी वस्ती पेटून उठली. प्रार्थनाघरात, मासळीच्या दुकानात, जिथे जावं तिथे एकच विषय. म्हातारे म्हणायचे, "रशियाच्या झारने हेच केलं होतं. आधी म्हणाला, जरा रशियन शिकवा. मग म्हणाला, जरा दाढ्या कापा. आपल्या पणजोबांनी झारला जुमानलं नाही, आणि आपण अल्बनीतल्या सरकारी बाबूंना जुमानायचं?" लेमललाही ते पटायचं. मान डोलवून डोलवून त्याची टोपी सरकायची.

"आपण तर या नियमाच्या विरुद्ध आहोत ना?" त्याने रेब ॲन्शलना विचारलं.

"शंभर टक्के."

"मग इंग्रजी कशाला शिकवायचं?"

"सरकारी माणसं वर्ग बघायला येणार आहेत. त्यांना बोट ठेवायला जागा नको. तेव्हा नीट शिकव." ते जायला वळले आणि पुन्हा मागे आले. "पण फार नीट नको."

"म्हणजे?"

"म्हणजे पोरांना गोडी लागता कामा नये."

"गोडी लागू न देता नीट शिकवायचं?"

"तू हुशार आहेस, लेमल. जमवशील."

दुपारी जेवायला घरी आल्यावर लेमलने हे राइत्साला सांगितलं. ती सूप वाढत होती. तिने डाव पातेल्यात सोडला आणि खुर्चीवर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

"तू? इंग्रजी? अरे, तू चिकनला किचन म्हणतोस! थोरल्याला कांजिण्या आल्या तेव्हा डॉक्टरला काय सांगितलंस, आठवतंय? म्हणे, याला किचनपॉक्स झालाय!"

"डॉक्टरला कळलं ना पण?"

"त्याला पुरळ दिसत होतं, म्हणून कळलं."

आमच्याकडे मुलींच्या शाळेत इंग्रजी बऱ्यापैकी शिकवतात. मुलींना ताल्मूद नसतो, तेव्हा त्यांच्याकडे वेळ असतो. राइत्सा तिच्या वर्गात इंग्रजीत पहिली यायची. आता ती सकाळी एका दातांच्या डॉक्टरकडे फोन घ्यायची आणि समोरच्याला कळायचंही नाही की बोलणारी बाई आपल्या वस्तीतली आहे. हसणं आवरल्यावर तिने नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. तो सुपातल्या शेवयांकडे बघत बसला होता.

"पुस्तक आण इकडे," ती म्हणाली. "जेवता जेवता शिकवते. आज मी तुला एक पान शिकवीन, ते तू आज संध्याकाळी पोरांना शिकव. उद्याचं उद्या."

असा लेमलचा इंग्रजीचा अभ्यास सुरू झाला.

पहिला दिवस भयंकर गेला. अकरा-बारा वर्षांची पोरं, दिवसभर बाकावर बसून आंबलेली. कुणी टोप्या फेकतंय, कुणी बाकाखाली शिरलंय. लेमलचा थोरला मुलगा गेत्सल त्याच वर्गात होता. तो मागच्या भिंतीला तोंड करून बसला, जणू या माणसाशी आपला काही संबंध नाही. लेमल "सायलेन्स" म्हणाला, तो शब्द त्याला त्याच दुपारी मिळाला होता, पण कुणी ऐकलं नाही. तेवढ्यात युदल नावाचा एक वांड पोरगा बाकावर चढून ओरडला, "रेब लेमल, गिमेल करा!"

ही सगळी पोरं कधीकाळी त्याच्याच हाताखालून गेली होती. लेमलने सवयीने पाय पुढे टाकला. वर्ग हसला. मग त्याला काय सुचलं कोण जाणे, त्याने एक हात वर आणि एक पाय तिरका करून इंग्रजी के काढला. पोरं बघत राहिली. मग आर काढला. मग एस काढताना तो टेबलावर आदळला आणि दाराबाहेर चाललेला शिपाई आत डोकावला. पण त्या दिवशी तास संपल्याची घंटा झाली तेव्हा दारात चेंगराचेंगरी झाली नाही.

खरी गंमत पुढे झाली. एक दिवस 'जाणणं' या अर्थाचा इंग्रजी शब्द आला. म्हणायचं नुसतं 'नो', आणि लिहिताना पुढे एक के.

"हा के कशाला?" युदलने विचारलं.

"तो म्हणायचा नाही. गप्प असतो."

"म्हणायचा नाही तर लिहायचा कशाला?"

लेमलने पुस्तकाचं पान मागेपुढे करून पाहिलं. सकाळभर या पोरांना शिकवलेलं असायचं की तोरातलं एक अक्षर, एक टिंबसुद्धा वाया गेलेलं नाही. प्रत्येकाला कारण आहे, शोधा. त्यांनी इथेही शोधायला घेतलं. एक म्हणाला, पूर्वी म्हणत असतील, मग आळस केला. दुसरा म्हणाला, 'नाही' या अर्थाचा नो वेगळा आणि हा वेगळा, गोंधळ नको म्हणून. तिसऱ्याने विचारलं, मग के-च का, दुसरं अक्षर का नाही? बाकावर उभं राहून, अंगठे नाचवत, सकाळी ताल्मूदवर भांडतात तसे भांडायला लागले. शेवटी युदल म्हणाला, "मला कळलं! ज्याला खरंच काही कळतं तो गप्प बसतो. म्हणून जाणण्यातला के गप्प."

सगळा वर्ग "आऽऽ" म्हणाला. लेमलला स्वतःलाच इतका आनंद झाला की त्याच रात्री दाराशी टोपी काढायच्या आत त्याने ते राइत्साला सांगितलं.

"खरं कारण काय आहे?" त्याने विचारलं.

"काही नाही. असंच असतं ते."

"असंच कसं असेल?"

"लेमल, सूप गार होतंय."

आठवडाभरात तक्रार आली. एक बाप रेब ॲन्शलकडे जाऊन म्हणाला, "शनिवारी शाबेसच्या जेवणाला माझा मुलगा इंग्रजी अक्षरांवर प्रवचन करतो. पाहुण्यांदेखत! हे काय चाललंय?"

रेब ॲन्शलनी लेमलला बोलावून घेतलं. "मी तुला एकच गोष्ट सांगितली होती."

"दोन सांगितल्या होत्या," लेमल म्हणाला. "नीट शिकव, आणि नीट शिकवू नको."

"मग दोन्ही का करत नाहीस?"

लेमलने प्रामाणिकपणे प्रयत्न केला. दोन दिवस त्याने मुद्दाम रटाळ शिकवलं. तिसऱ्या दिवशी पोरांनीच विचारलं, "रेब लेमल, तुम्हाला बरं नाही का?"

मग मोर्चा निघाला. पुलापलीकडे सरकारी कचेरीसमोर सगळ्या शाळांची पोरं आणि मास्तर जमायचे होते. शिकवणं बंद, बसगाड्या भरून चालल्या. लेमल आपला वर्ग घेऊन गेला. काळ्या कोटांचा समुद्र, कर्ण्यातून स्तोत्रं, म्हाताऱ्यांच्या डोळ्यांना धारा. लेमलही मनापासून रडला. आपल्या पोरांना आपल्यासारखं वाढवू द्या, एवढंच मागणं होतं. त्यात चुकीचं काय ते त्याला कळत नव्हतं, आणि अजूनही कळत नाही.

वर्गाच्या हातात फलक दिले होते, इंग्रजीत छापलेले, कारण ते सरकारला वाचायचे होते. पोरांनी ते नुसते धरायचे होते. पण युदलने आपला फलक उलटा करून बघितला आणि एकेक अक्षर लावत मोठ्याने वाचला, "आमची... मुलं... आमची... शाळा!" लगेच दुसऱ्याने आपला वाचला. तिसऱ्याने शेजारच्या शाळेचा वाचला. मग सुटलेच सगळे. बसवरची पाटी, पोलिसाच्या छातीवरचं नाव, सँडविचवाल्याच्या गाडीवरचे भाव. शेजारच्या शाळेची पोरं तोंडं उघडी टाकून बघायला लागली. आयोजकांपैकी एकाने लेमलकडे असं पाहिलं की लेमलने खाली आपल्या बुटांकडे पाहिलं. छाती मात्र फुगली होती. ती कशी दाबावी त्याला समजेना.

एक वार्ताहर बाई आली. ती हसून काहीतरी म्हणाली. त्यातलं लेमलला जेवढं कळलं ते असं: मुलं तर छान वाचतायत, म्हणजे तुम्ही इंग्रजी शिकवताच, मग तुमचा विरोध नक्की कशाला आहे?

लेमलने टोपी सरळ केली. त्याच्या तोंडून एकच शब्द निघाला, "नो." त्याला 'नाही' म्हणायचं होतं, की 'मला ठाऊक आहे', ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. बाईने ते लिहून घेतलं आणि ती पुढे गेली.

रस्त्याच्या पलीकडे, लोखंडी कठड्यामागे, नियमाच्या बाजूने उभे राहिलेले थोडे लोक होते. आमच्यातलेच, पण सोडून गेलेले. दाढी नाही, डोक्यावर टोपी नाही. तिथून हाक आली, "लेमल!"

तो उशर होता, राइत्साचा धाकटा भाऊ. पाच वर्षांत त्याचं तोंड पाहिलं नव्हतं. घरात त्याचं नाव निघालं की राइत्सा उठून भांडी घासायला लागायची. लेमल कठड्याजवळ गेला. जावं की नाही हे ठरवायच्या आतच गेला होता.

"तू इंग्रजी शिकवतोस म्हणे," उशर म्हणाला. यिडिश तेच, पण जरा अडखळत. "तू! मी नर्सिंगच्या परीक्षेला बसलोय तिसऱ्यांदा. औषध किती पाण्यात किती घालायचं ते गणित मला जमत नाही. वीस वर्षांचा होईपर्यंत अपूर्णांक म्हणजे काय ते मी ऐकलं नव्हतं, लेमल. तू खरं तर इकडे उभा राहायला हवास."

"माझी पोरं तिकडे आहेत."

"मग पोरांना घेऊन ये."

"असं कसं आणू? ती आपल्या आईबापांची आहेत." मग तो म्हणाला, "जेवलास का?"

उशरने नकारार्थी मान हलवली. लेमलच्या कोटाच्या खिशात राइत्साने दिलेला बटाट्याचा कुगल होता, भट्टीत भाजलेल्या जाड वडीसारखा, कागदात गुंडाळलेला. त्याने तो कठड्यावरून पुढे केला. "तिच्या हातचा आहे."

उशरने तिथेच उभ्याने खाल्ला, सगळा, आणि कागद घडी करून स्वतःच्या खिशात ठेवला. दोन्हीकडचे लोक बघत होते. लेमल परत आपल्या पोरांत आला तेव्हा कर्ण्यातून स्तोत्र सुरू झालं होतं. तोही म्हणायला लागला, पण मधली एक ओळ त्याच्याकडून गळली. घरी त्याने राइत्साला एवढंच सांगितलं की कुगल उशरने खाल्ला. ती उठली, भांडी घासायला गेली, आणि नळ नुसताच वाहत राहिला.

हिवाळा संपता संपता सरकारी माणसं आली. एक म्हातारीशी, ठसठशीत बाई, मिसेस ऑगस्टिन, आणि एक तरुण, सारखा टाइप करणारा. मुलांच्या शाळेत बाई आत येणार म्हणून आधीच कुजबुज. रेब ॲन्शलनी लेमलला बजावलं होतं, "इंग्रजीतच बोल. यिडिशचा एक शब्द नको."

त्या दिवशी अपूर्णांक होते. ते लेमलने स्वतः निवडले होते. राइत्साला त्याने पुस्तकातली पानं गाळून तेच आधी शिकवायला लावले होते. तिने का म्हणून विचारलं नाही.

"गुड आफ्टरनून," लेमल म्हणाला. पुढची दोन वाक्यंही बरी गेली. मग इंग्रजी संपलं. पाठ केलेलं डोक्यातून साफ पुसून गेलं, आणि समोर फळ्यावर होतं, तीनाला अर्ध्याने भागा. उत्तर, सहा.

"थांबा," युदल यिडिशमध्ये ओरडला. "भागलं तर कमी व्हायला हवं. तीनाचे सहा कसे झाले?"

"मला पण तेच वाटतं," लेमल यिडिशमध्येच म्हणाला, आणि मग काही इलाज उरला नाही. वर्ग पेटला. एक म्हणतोय, पुस्तक चुकलंय. दुसरा म्हणतोय, पुस्तक चुकत नाही, आपण चुकतोय. कुणी बाकावर, कुणी फळ्यापाशी, अंगठे नाचतायत. मिसेस ऑगस्टिननी पुढे झुकून गेत्सलला विचारलं, भांडण कशावरून चाललंय? गेत्सल, जो आजवर वर्गात भिंतीकडे तोंड करून बसायचा, तो उभा राहिला. बापाकडे बघितलं. आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाला, तीन कुगल आहेत. एक माणूस अर्धा खातो. माणसं किती?

"सहा," बाई म्हणाल्या.

"बघा!" गेत्सल वर्गाकडे वळून ओरडला. "उत्तरात कुगल नाहीत, माणसं आहेत!"

वर्गातून तोच "आऽऽ" निघाला, आणि सगळ्यात मोठा लेमलचा. त्यालाही ते त्याच क्षणी कळलं होतं. जाताना मिसेस ऑगस्टिन दाराशी थांबून म्हणाल्या की तुमचा वर्ग मला फार आवडला. एवढं इंग्रजी लेमलला येत होतं. त्या दिवशी तो घरी जवळजवळ पळत गेला.

काही आठवड्यांनी निकाल आला. शाळा नापास. तास अपुरे, विज्ञान नाही, इतिहास नाही, मास्तर अप्रशिक्षित, आणि शिकवणं इंग्रजीत नाही.

"पण बाईंना वर्ग आवडला होता," लेमल म्हणाला.

"तो त्यांचा खासगी प्रश्न." रेब ॲन्शल चक्क आनंदात होते. "मनाला लावून घेऊ नकोस. नापास झालो ते एक प्रकारे बरंच झालं. आता कोर्टात जाता येईल. पास झालो असतो तर म्हणाले असते, बघा, धाक दाखवला तर कसे शिकले!"

"मग नीट शिकव असं का सांगितलंत?"

"नापास होऊ नये म्हणून."

लेमल खुर्चीवर बसला. रेब ॲन्शलनी पाण्याचा पेला त्याच्यापुढे सरकवला.

मग वकील आले, मॅनहॅटनचे. ज्यूच, पण आमच्यातले नव्हेत. शाळेच्या पायरीवर त्यांनी खिशातून टोपी काढून डोक्यावर ठेवली. त्यांना लेमलचा जबाब हवा होता, की या शाळेतली मुलं एका जाणकार मास्तरकडून चांगलं शिकतात. ते इंग्रजीत विचारत, रेब ॲन्शल यिडिश करून सांगत.

"तुम्ही इंग्रजी कुठे शिकलात?"

हे लेमलला दुभाष्याशिवाय कळलं. त्याने अभिमानाने इंग्रजीतच उत्तर दिलं, "माय वाइफ. इन द चिकन."

वकिलांनी मान वर केली. रेब ॲन्शलनीही केली. मग लेमलने सगळं यिडिशमध्ये सांगून टाकलं. राइत्सा दुपारी शिकवते. मी तिच्याकडून एक पान घेतो आणि संध्याकाळी पोरांना देतो. उद्याच्या पानावर काय आहे ते मला आज ठाऊक नाही.

रेब ॲन्शलनी घसा खाकरला आणि ते वकिलांना सांगितलं, निम्मंच.

"मुलं शिकतात का?" वकिलांनी विचारलं.

"शिकतात."

"पुरेसं?"

"कशाला पुरेसं?" लेमल म्हणाला. "इथे राहायला? इथे मला काही कमी पडलं नाही. पण माझा मेव्हणा आहे, त्याला औषधात पाणी किती घालायचं ते कळत नाही. तो हुशार आहे हो, माझ्यापेक्षा कितीतरी. म्हणजे कुठेतरी कमी पडलं. पण सरकारने येऊन सांगावं, हेही मला खपत नाही. मी मोर्चात रडलोय. खोटं नाही रडलो."

रेब ॲन्शलनी यातलं काहीच सांगितलं नाही. पण वकिलांच्या आजीचं यिडिश त्यांच्या कानात कुठेतरी शिल्लक असावं. त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि म्हणाले, हा साक्षीदार आपल्या कामाचा नाही. मग लेमलशी हात मिळवला आणि तो नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ धरून ठेवला.

घरी राइत्सा भडकली. "माझं नाव कशाला घेतलंस? आता वस्तीभर होईल, बाई मास्तरांना शिकवते म्हणून! पोरींची लग्नं जमवायची आहेत आपल्याला पुढे!"

"मग काय खोटं बोलू?"

"गप्प बसायचं! त्या तुझ्या के-सारखं!"

त्या आठवड्यात सूप मुकाट्याने खाल्लं गेलं. पुस्तक उघडलं नाही. लेमलने वर्गात जुनीच पानं पुन्हा घेतली आणि आपल्याला काढून टाकायची वाट बघत राहिला. लहानग्यांच्या वर्गावरून जाताना तो आत डोकवायचा. तिथे आता दुसरा कुणी तरुण फळ्यावर अक्षरं काढत असायचा.

एक दिवस ऐन जेवणाच्या वेळी दार वाजलं. रेब ॲन्शल. आत आले, परक्या बाईकडे बघू नये म्हणून राइत्साऐवजी भिंतीला नमस्कार केला, आणि बसले. तिने सूप वाढून ठेवलं आणि ती स्वयंपाकघरात गेली. त्यांनी आधी अर्धी वाटी संपवली.

"खटला कैक वर्षं चालेल," मग म्हणाले. "तोवर वकील म्हणतात, जरा सुधारणा दिसली तर बरं. आता इंग्रजीचे बाकीचे तीन मास्तर, त्यांची अवस्था तू जाणतोसच. तुझ्याहून वाईट. एक तर मंडेनंतर संडे म्हणतो." त्यांनी चमच्याने शेवया ढवळल्या. "मी म्हणत होतो, ते तिघं इथे जेवायला येऊ शकतील का? अधूनमधून."

"अधूनमधून म्हणजे?"

"म्हणजे रोज."

लेमलला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. स्वयंपाकघरातून राइत्साचा आवाज आला, "रेब ॲन्शल, एक विचारू? मग हे सरकारचं ऐकणं झालं की नाही?"

"अजिबात नाही," रेब ॲन्शल भिंतीला म्हणाले. "हे जेवण आहे."

तेव्हापासून दुपारी लेमलच्या घरी चार दाढीवाले ओळीने बसतात. जिन्याचं दार सताड उघडं, कुणाला बोलायला जागा नको म्हणून. राइत्सा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी उभी राहून शब्द सांगते आणि चौघं तोंडात घास ठेवून म्हणतात. मंडेनंतर आता ट्यूजडे येतो. शिधा शाळेतून येतो, पण त्याबद्दल कुणी बोलत नाही. खटला चालूच आहे. कधी आपण जिंकलो म्हणतात, कधी ते. पुन्हा मोर्चा निघाला तेव्हा चौघंही गेले, घसा बसेपर्यंत ओरडले, आणि दुसऱ्या दिवशी बसलेल्या घशाने इंग्रजी म्हणाले. उशरचं काय झालं ते नक्की कळलेलं नाही. परीक्षा झाली, असा निरोप आला; पास की नापास, ते निरोप आणणाऱ्याला सांगता आलं नाही.

ही जेवणं सुरू झाली त्याच उन्हाळ्यात गेत्सल तेरा वर्षांचा झाला आणि वरच्या शाळेत गेला. तिथे इंग्रजीचा तास नाहीच.

"टाटी, मग आता जेवढं येतं त्याचं काय करायचं?" त्याने बापाला विचारलं.

"मला माहीत नाही," लेमल म्हणाला. त्याने खरंच विचार केला होता.

शुक्रवारी वरची शाळा लवकर सुटते. त्या शुक्रवारी मास्तरमंडळी जेवत होती, रेब ॲन्शलही बघायला म्हणून आले होते. गेत्सल आला, हात धुतले, कोपऱ्यातली खुर्ची ओढत आणली आणि टेबलाच्या टोकाला बसला. राइत्साने त्याच्यापुढे सूप ठेवलं, आणि पुस्तक तिकडे जरा तिरकं केलं.

टेबलावरचं चावणं थांबलं. लेमलने रेब ॲन्शलकडे पाहिलं. रेब ॲन्शल आपल्या सुपात काहीतरी हरवल्यासारखे बघत होते. गेत्सलला ऊठ म्हणावं म्हणून लेमलने तोंड उघडलं, आणि मीठ मागितलं.